बिल्ला क्रमांक ३१७२

जावा म्हटलं की आजवर मला
वडिलांची लाल फटफटी आठवायची,
लाथ मारली की खोकत सुरू होणारी.
ही जावा वेगळी. हिला लाथ चालत नाही.
एक अर्धविराम राहिला
तरी जागची हलत नाही.

खाण मिटली. ओस्त्राव्हाच्या रोजगार कचेरीनं
आम्हा अकरा जणांना एका शाळेच्या
तळघरात आणून बसवलं.
पुन्हा जमिनीखालीच, ल्युबोर म्हणाला.
कुणी हसलं नाही.

शिकवणारी झ्दिस्लाव्हा, वय चोवीस,
माझ्या धाकटीहून लहान.
आधी सांगायचं डब्यात काय ठेवणार,
मगच डबा मिळतो, हा तिचा पहिला धडा.
माझी बोटं जाड,
एक कळ दाबायला जावं तर दोन दबतात.

क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे माणूस,
आणि व्हेरिएबल? नुसता बिल्ला.
हे मला समजवावं लागलं नाही.
सव्वीस वर्षं दिवाघराच्या खिडकीत
बिल्ला देऊन दिवा घेतला,
दिवा देऊन बिल्ला.
पाळी सुटूनही खिळ्यावर बिल्ला लटकत असेल
तर कुणीतरी अजून खाली आहे.

बिल्ला आहे, माणूस नाही.
पडद्यावर लाल अक्षरांत येतं ते हेच: नल.
वर्ग वैतागतो.
मी टोपी काढून मांडीवर ठेवतो.

"कॅच कधी रिकामा सोडू नका," ती म्हणते,
"चूक गिळली की प्रोग्रॅम चालत राहतो
आणि कुणालाच काही कळत नाही."
पहिल्यांदाच मी वहीत वाक्य उतरवून घेतलं.
त्या मंगळवारी मिथेनची सुई
दोनदा हलली होती.
वर कुणीतरी ते झेललं
आणि महिरपी कंसांच्या मधे
काहीच लिहिलं नाही.

बोहुस्लाव्ह. ३१७२.

आज माझं पहिलं पान उघडलं.
ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो,
आमच्या पाळण्याच्या घंटेसारखं:
एक टोल थांब, दोन टोल वर घे.
चौकटीत बिल्ल्याचा आकडा टाका,
नाव येतं, पाळी येते, गावही.
मी ३१७२ टाकला.

"सापडला नाही, असं परत पाठव,"
झ्दिस्लाव्हा पाठीमागून म्हणाली, "रीतच आहे तशी."
मी एकेक अक्षर शोधत टाइप केलं:
"अजून खाली आहे."

ती वाकली. वाचलं.
बराच वेळ वाचत राहिली, तीनच तर शब्द.
मग ओळीच्या शेवटी बोट टेकवून
हळूच म्हणाली,
अर्धविराम राहिलाय.