खसरा नंबर एकसष्ट

लिफ्टच्या खड्ड्यात पुन्हा पाणी भरलंय.
चौकीदार सकाळपासून बादलीनं उपसून राहिला.
सेक्रेटरी म्हणतात, नळाची लाइन फुटली असेल.
मी तिसऱ्या मजल्यावरून बघते,
बोलत नाही.

छत्तीस वर्षं नासुप्रमध्ये ट्रेसर होते मी.
निळसर कापड, काळी शाई, काचेखाली दिवा.
चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात
मौजा मोहगढी टेबलावर आली:
बंदोबस्ताचा जुना नकाशा, घडीवर फाटलेला,
मधोमध जाड दुहेरी रेघांचा चौकोन,
कोपऱ्यांत चार वर्तुळं.
बाजूला बारीक मोडीवजा अक्षरात:
गढी, पडीत. मोहाची झाडे, तीन. विहीर, पक्की.

झिबल मेश्राम तेव्हा साखळी ओढायचा.
मोजणीच्या दुपारी बाभळीखाली
भाकरीवर ठेचा ठेवून सांगायचा,
"गोंडाच्या राज्यात इथं दलशा उईके बसे, बाई.
देवगडाले जानारे घोडे इथं थांबत.
मंग भोसल्याची पागा आली,
मंग मालगुजार पोफळे.
घोडे बदलले, दावन तेच."
खरं किती, कोण जाणे.
त्याच्या आज्यानं मात्र बुरुजांची माती
डोक्यावरून वाहिली होती, वेठीत;
पोफळ्यांना संत्र्याच्या बागेला कुंपण हवं होतं.
"अन् विहीर?" मी विचारलं.
"पाह्यली ना आज्यानं. वरून."

ठेचा संपवून, हात पुसून, पुढचं:
छप्पनच्या दसऱ्यानंतर चवथ्या दिवशी
झिबलचा बाप पांढऱ्या सदऱ्यात आला
आणि पायऱ्या उतरून गेला थेट खाली.
बागवान बघत राहिला.
ओंजळ भरली, तोंडाला लावली —
झिबल इथं थांबायचा, दर वेळी —
"मचूळ, बाई! थू थू मचूळ!
पोफळ्याच्या घरचे कोनीच पेत नव्हते ते.
बैल पेत होते फक्त."
आणि हसायचा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

बाग गेली आधीच. कोळशी रोगात, म्हणतात,
किंवा वाटणीत.
मग कोष्ट्यांची चाळीस छपरं, माग, खळीचा वास,
विहिरीच्या कठड्यावर वाळत घातलेलं लाल सूत.
नोटीस आली तेव्हा दशरथ खापेकर ऑफिसात आला होता,
नकाशावर बोट ठेवून म्हणाला, माझा माग दाखवा.
माग नकाशात नसतो, हे त्याला कुणी सांगायचं?
मी सांगितलं.

विहीर होती अजून, माझ्या कापडावर,
दोन गोल, एकात एक, शाई वाळलेली.
साहेबांनी पेन्सिल टेकवली:
ही कशाला? तेवीस नंबरचा प्लॉट खाऊन जाईल.
ट्रेसिंगच्या कापडावर शाई ब्लेडनंच निघते.
हलक्या हातानं खरवडायचं, वर खडूची भुकटी चोळायची,
म्हणजे पुढची रेघ पसरत नाही.
पुढची रेघ तीस फुटी रस्त्याची होती.
पसरली नाही.

तेवीस नंबर बँकेतल्या कुणी घेतला,
त्याच्या मुलानं बिल्डरला दिला,
पाच मजले चढले, नाव 'फोर्ट व्ह्यू'.
कुठला फोर्ट, कुणी विचारलं नाही.
माझ्या ग्रॅच्युइटीत हेच बसलं.
रजिस्ट्रीच्या टेबलावर पत्ता वाचला
तो सही करून झाल्यावर.

रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन खाली गेले.
चौकीदार खुर्चीतच झोपला होता.
खड्ड्यात काळं, थंड, अजिबात न हलणारं पाणी,
त्यात माझा टॉर्च आणि माझं तोंड.
गुडघे कुरकुरले तरी वाकले.
बोट बुडवलं,
जिभेला लावलं.

सकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले.
"काय मॅडम, तुम्ही तर नासुप्रतल्या,
तुम्हाला काय वाटते? नळाचंच ना?"
"नाही," म्हटलं.
आणि दुधाची पिशवी घेऊन
जिना चढू लागले.