घरघर

माणसाला लागली तर डॉक्टर,
ॲम्प्लिफायरला लागली तर मी.
तीस वर्षं हाच धंदा,
मारुती आळीच्या तोंडाशी
शिवलकर साउंड सर्व्हिस.
पाटीतला एक 'स' पडलाय, तो मी लावत नाही.

मेचा दुसरा शनिवार, रात्री साडेदहाला फोन.
सायमा सोलकर, मिरकरवाड्याची.
हिच्या बापाच्या ट्रॉलरवरचा वायरलेस मी दोनदा उघडलाय.
"काका, घरघर एकाच बाजूनं येतेय. शेडवर या."
कुठली शेड?
"आंब्याची हो. मिरजोळ्याला."

वारा पडलेला. स्कूटरवरसुद्धा शर्ट पाठ सोडेना.
दार बंद, बाहेर चपलांचा ढीग,
लग्नघरी असतो तसा,
फक्त सगळ्या एकाच वयाच्या.
आत भिंतींना पेंढ्याचे भारे, दाराला गोणपाट.
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
दहानंतर पोलीस येतात.
रिकाम्या पेट्यांच्या थप्पीवर लॅपटॉप
आणि वर्षभर पुण्या-मुंबईला असणारी,
सुटीत घरी आलेली साठसत्तर पोरं
घामानं निथळत
कशावर तरी नाचत होती.

कशावर, ते कळेना.
जाखडीचा ठेका मला झोपेत कळतो. तो नव्हता.
वरातीतलं तर काहीच नव्हतं.
सायमा माइकमध्ये हळूच लिलाव पुकारत होती,
सुरमई, कुपा, सौंदाळा,
जणू कुणाला झोपवतेय.
आणि खाली बर्फ फोडायचं यंत्र.
खरं. जेटीवरचं. मी ओळखलं,
त्याचा एक दात तुटलाय, तिसऱ्या फेरीला अडखळतं.
यांचा ठेका तिथेच अडखळत होता
आणि सत्तर पोरं
बरोबर तिथेच खांदा पाडत होती.

बँडचं नाव पाच डझनी.
माणसं तीन.

मी पेचकस काढला. अर्थिंग सुटलं होतं, एवढंच.
एक वायर, दोन मिनिटं.
गाणं चालूच राहिलं, पण खालची चटई
कुणी ओढून घेतल्यासारखं.
गिटारवाला ओजस मयेकर छताकडे बघायला लागला,
पंखा बंद पडल्यावर बघतात तसा.

"काका, परत लावा."
काय?
"घरघर."
अगं, काढायलाच ना बोलावलंस?
"एकाच बाजूनं येतेय म्हटलं. दुसरीकडूनही हवी होती.
अख्खं गाणं तिला लावून घेतलंय आम्ही.
तंबोरा आहे तो."

तीस वर्षं ज्याचा बंदोबस्त केला
त्याला ही पोरगी तंबोरा म्हणते.
मी वायर काढली.
मग दुसऱ्या बाजूचीही काढली.
बिघाड करून देण्याचे किती घ्यायचे
ते मला माहीत नाही, म्हणून काही घेतलं नाही.

आणि ती आली, दोन्हीकडून,
तळपायातून, पेंढ्यातून,
आढीतल्या पिकत्या हापूसच्या वासातून वर.
पांढरी पाच. किंचित चढी.
इतकी वर्षं हातात होती, कधी पट्टी पाहिली नव्हती.

मी नाचलो असं सायमा सांगत सुटलीय, ते खोटं.
पेटीवर बसलो होतो.
पाय हलत होता, तोही एक.

तीनला निघालो तर ओजसनं सहा रायवळ दिले
आणि एक पेनड्राइव्ह.
राजापूरचे दोन भाऊ, मालवणचा एक वेल्डर,
वेंगुर्ल्याची कुणी शाळामास्तरीण
शिलाई मशीनवर गाते म्हणे.
"ऐका. शिव्या द्यायच्या तर फोन करा."
रविवारभर ऐकलं.
चौथं कळलं नाही.
मास्तरणीचं तीनदा लावलं,
मग बायकोनं एकदा.

सोमवारी नाचण्याचे भजनीबुवा आले,
ॲम्प काउंटरवर आदळला.
"घरघरतोय."
लावून ऐकला. चांगला लागला होता.
बुवा, तुमची पट्टी कुठली?
"काळी दोन. का?"
काही नाही, म्हटलं,
आणि पेचकस उचलला.