चौदा ग्रॅम

पहाटे साडेचार. उम्म अल-कुवैन, पत्र्याचं हँगर,
त्यापुढे खुंट्यांना दोराने बांधलेलं विमान.
अकरा वर्षं सालेम घफलींनी घरच्या गॅरेजात जुळवलं.
चाकांपुढे मी विटाही लावतो. सवय.

पहिल्या फेरीला पॅनेलवरचे आकडे दुहेरी दिसले.
‘कवळी सुटली असती,’ सालेम म्हणाले, हसले नाहीत.

पंख्याच्या पात्यावर चमकपट्टीचा तुकडा,
इंजिनाच्या नाकाशी सेन्सर, मांडीवर मीटर:
चोवीसशेला शून्य पूर्णांक सहा.
वजन कुठे, ते यंत्र कोनात सांगतं.
किती, ते वॉशर.
एकेक काढून देतात सालेम तळहातावरून,
दुकानदार सुटे पैसे परत करतो तसे, नाखुशीने.

इचलकरंजीत शेजारच्या मागांनी
आमची मांडणी रात्रभर थरथरायची.
आई तिच्या एका पायाखाली
बिडीच्या पाकिटाची घडी सरकवायची,
कान लावायची,
मग दुसऱ्या.
ताटं गप्प.
तिला कोन कुणी सांगितला नव्हता.

चौथी फेरी. चौदा ग्रॅम. शून्य पूर्णांक शून्य सात.
कॉकपिटात सालेमनी सुलेमानीचा पेला ठेवला:
चहावर एकच वर्तुळ, तेही कडेला.
‘बस?’
बस नाही. अठराशेला अजून काहीतरी आहे,
पंख्याचं नाही. रबरी बुशातलं असेल.
किंवा नसेल.

ऊन आलं, पत्रा कडकडला.
इंजिन बंद करून तास झाला
तरी माझे तळवे वाजत होते.

वहीत ते लिहायला रकाना नाही.