डावखुरी

ईसा टाउनच्या शुक्रवारच्या बाजारात
दुर मुहम्मदनं ती एका कुकरसोबत गळ्यात मारली,
दोन्ही मिळून चार दिनार.
कुकरला शिट्टी नव्हती.
गिटारला तारा नव्हत्या, एक खुंटी नव्हती,
पोटावर लांब चीर,
आत वाळू आणि कुठल्याशा लग्नातली बडीशेप.

मी मनामात दात बनवतो.
डॉक्टर साचा पाठवतात,
मी माणूस न बघता दात पाठवतो.
तेव्हा काडीवरचा, रुपयाएवढा आरसा घरात होताच.
गोल भोकातून आत घातला:
लेबल कसरीनं खाल्लेलं,
उरलेलं एक अक्षर असेल, किंवा नुसतं शून्य.
आडव्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.
बिनॉय म्हणाला, जर्मन.
खालचा इराणी नानवाला म्हणाला,
असल्या आमच्या अबादानच्या क्लबात असायच्या.
तिसऱ्यानं थेट किंमतच सांगितली,
त्या रात्री मी ती पलंगाखाली ठेवली.

कंपनी काही कळली नाही.

मग रोज बघतो तेच बघितलं: झीज.
दाढ कुठं घासलीय त्यावरून कळतं
कोण कुठल्या बाजूनं चावतो,
कोण झोपेत दात खातो.
पहिल्या तीन पडद्यांवर खोल खड्डे, पुढं सगळं कोरं.
गड्याला येत होतं थोडंच, पण रोज.
नखांचे ओरखडे भोकाखाली असतात,
इथं वरच्या अंगाला.
खाचाही उलट्या,
बारीक तारेच्या जागी जाडीची.
डावखुरा होता.
एवढं कळल्यावर मी उगाच दाराकडे बघितलं.

बाहेर ऑगस्टची घामट हवा, आत एसीची कोरडी,
दोघींच्या भांडणात लाकूड फाटतं.
साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून
आठवडाभर तिच्या पोटात ठेवला.
चीर मिटत आली, ओठ मिटावेत तशी.
सरस कढवला. खोलीभर खुरांचा वास,
बिनॉय उशी घेऊन गच्चीवर.

चिरेखाली कुणीतरी आधीच ठिगळ लावलेलं,
चहाच्या खोक्याची फळी, वाकडी,
तिच्यावर पेन्सिल. आरशात उलटी.
फोटो काढून सरळ केली,
इंग्रजी म्हणून वाचली, लागेना.
मोठ्यांदा वाचली तेव्हा कोंकणी निघाली:
आयतार मेरेन तार घालूं नाका.

ती फळी मी काढणार होतो.
चांगलं देवदार आणून ठेवलं होतं, मापात कापून.
नाही काढली.
तोंडात जुनं सोनं घट्ट बसलेलं असलं
तर आम्ही त्याला हात लावत नाही.

चिकटवलं गुरुवारी.
शुक्रवार गेला, शनिवार गेला.
रविवारी इथं कामाचा दिवस,
रात्री डबा खाऊन तारा चढवल्या.
बिनॉय म्हणाला, खाचा सरळ करून घे,
कुणी वाजवेल तरी.
मी त्याच खाचांत बसवल्या.
त्याला येत नाही, मला येत नाही,
आणि आमच्या चारही हातांना ती उलटीच पडते.
अंगठ्यानं एकदा वरून खाली ओढलं.
शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

आता लॅबच्या काउंटरवर
सही करणाऱ्यांचे हात बघायची खोड लागलीय.
काल साचे घेऊन आलेल्या नव्या पोरानं
पेन डाव्या हातात धरलं.
मी नाव विचारलं.
तो घाबरला,
म्हणाला, साहेब, काही चुकलं का?