चोपन्न बाइट

उद्यमबागेत, आमच्या फौंड्रीच्या तपासणी खोलीत
एक कॉम्प्युटर आहे. इंटरनेट नाही.
पंखा आहे, तोही कण्हतो.
चित्र साठवायची लायब्ररी टाकायला गेले तर म्हणाला,
आधी आणखी अकरा आणा.
एकाला जेवायला बोलवावं आणि टेम्पो भरून यावेत, तसं.
डिस्कवर जागा उरलेली वहीच्या दोन पानांएवढी.

कॅमेरा मात्र नवा. तो बघतो
आणि नुसते आकडे ओततो,
शून्य ते दोनशे पंचावन्न, शून्य ते दोनशे पंचावन्न.
ओळ कुठं संपली, कुठं सुरू झाली, सांगत नाही.
वाळूच्या ढिगाला काय विचारणार,
काल तू कशाचा साचा होतास?

गिऱ्हाइकाला फोटो हवा होता.
पंपाची बॉडी, आमच्याकडून गेलेली, परत आलेली,
आत हाताला लागणारं एक भोक.

मग मी हातानंच लिहायला बसले.
आधी दोन अक्षरं, बी आणि एम, दारावरच्या पाटीसारखी.
मग एकूण किती: नऊ लाख एकोणीस हजार सातशे चौतीस.
पण फाइलला आकडा उलटा लागतो,
लहान बाइट पुढं, मोठा मागून.
ईरण्णाला पटेना. "लहान आधी? असं कोण मोजतंय?"
आम्ही, म्हटलं. चौतीस. आधी चार, मग तीस.
तो हसला. "मूवत्तनाल्कु. आमच्यात थोरला पुढं."
तेवढ्यात चहा आला. दोघांनी आपापल्या भाषेत
साखर कमी असल्याचं पोराला सांगितलं.

रुंदी सहाशे अडतीस.
उंची चारशे ऐंशी.
एका ठिपक्याला चोवीस बिट.
आणखी काही रकाने, त्यांत बहुतेक शून्यच.
चोपन्न बाइट झाले की बोलणं बंद,
पुढं फक्त ओतायचं.

पहिला घाणा वाया गेला.
बॉडी तिरकी, ओळीगणिक सरकलेली,
चोर्ल्याच्या घाटात कलंडलेल्या ट्रकसारखी.
कागदावर भागाकार केला. ओळीला चारानं पूर्ण भाग जायला हवा,
माझी एकोणीसशे चौदावर अडलेली.
म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला दोन शून्यं ठेवली.
ती चित्रात कधीच दिसत नाहीत.
ती नसली तर मात्र
काहीच सरळ दिसत नाही.

दुसऱ्या खेपेला सरळ आली, पण उताणी,
आणि गंजाचा तांबूस डाग निळाशार.
ही फाइल तळापासून वर भरते, हे विसरले होते,
रोज साचे भरताना बघूनसुद्धा.
आणि रंगांत निळा आधी, मग हिरवा, तांबडा शेवटी.

तिसऱ्या खेपेला साडेसात वाजले होते.
भोक दिसलं. गोल, गुळगुळीत काठाचं.

मला वाटलं होतं, त्यांच्या ड्रिलची चूक निघेल.
खरं सांगायचं तर त्यासाठीच बसले होते.

भरमाण्णा हात पुसत आला. "काय करूलालीस गं अजून?"
मग पडद्याकडं वाकला. बराच वेळ.
"गॅस हाय हा. माझाच कोर.
त्या दिवशी लाइट गेल्ती, अर्धाच भाजलेला."
बोट लावून दाखवलं. पडद्यावर काळा ठसा उमटला,
भोकाच्या शेजारी दुसरं भोक.

पुसू का, मी विचारलं. फाइल, म्हणायचं होतं.
"ठसा पूस," तो म्हणाला. "ते ऱ्हाऊ दे."

त्याच्या सायकलची घंटी गेटपर्यंत ऐकू आली.
ईरण्णानं पेनड्राइव्ह लावला, फाइल केवढी झाली ते वाचलं,
कन्नडात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.
मी मराठीत ताडून घेतलं.
शेवटचे दोन आकडे त्यानं एकीकडून म्हटले, मी दुसरीकडून.
एक बाइटही कमी नव्हता.