अडीच पोती

एदुविनाबाईंना वजन विचारायचं कुणी?
म्हणून आम्ही बटाट्याची तीन पोती घेतली,
रोसामेलच्या हातगाडीत रचली
आणि धक्क्यापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत
घड्याळ लावून ढकलत नेली.
अकरा मिनिटं.
वाटेत एक पोतं पडलं, उसवलं,
बटाटे उतारावरून गडगडत सुटले,
निम्मे पोरांनी वेचले, निम्मे गवतात गेले.
खिडकीतून एदुविना : "मी असते म्हणजे?
आणि तीन कशाला? मी अडीच पोत्यांची आहे."

वहीत दुरुस्ती केली : अडीच.

वही माझ्याकडे, कारण पुन्ता लेउफूत
अक्षर बरं असलेली मी एकटीच.
चिलेच्या नकाशावर गाव सुईने टोचल्याएवढं,
समोर पॅसिफिक, मागे टेकडी,
मधे आम्ही सत्तेचाळीस जण.
प्रत्येक नावापुढे लिहिलंय, त्याला कोण उचलणार.
गॅस कोण बंद करणार,
ओर्तेन्सियाची इन्सुलिन कुणाच्या फ्रीजमधून निघणार.
नोल्बेर्तोला ऐकू येत नाही,
तो झोपताना पायाच्या अंगठ्याला दोरी बांधतो,
दोरी भिंतीच्या भोकातून शेजारच्या ओर्तेन्सियाच्या उशाशी.
तिने ती वर्षभरात दोनदा चुकून ओढली,
एकदा मुद्दाम, त्याचं घोरणं थांबेना म्हणून.

पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने एकच ओळ :
परत खाली जायचं नाही.
का, ते लिहिलेलं नाही.
माझे वडील होडीचं इंजिन आणायला गेले होते.

मग जून. पहाटेचे चार, धुकं,
आधी कपाटातले कप कुजबुजले,
मग भिंती.
उभं राहता येईना इतकं हललं
तर भोंग्याची वाट पाहायची नाही, हे आता
शाळेतल्या सगळ्यात लहान पोरालाही पाठ आहे.
भोंगा नंतर वाजला, घसा बसलेल्या माणसासारखा,
तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर होतो.
हातगाडी नऊ मिनिटांत वर.
एदुविनाच्या मांडीवर पिशवी नव्हती,
जिच्यात औषधं, बॅटरी, कागदपत्रं
मी स्वतः भरून दिली होती.
पातेलं होतं, वर ओलं फडकं.
"रात्री कणीक भिजवलेली. टाकून येऊ?"

टॉर्च तोंडात धरून मी हजेरी घेतली.
सेहेचाळीस.
पुन्हा. सेहेचाळीस.
"नोल्बेर्तो!"
सगळ्या टेकडीने मिळून हाक मारली,
आणि खाली, अंधारात, समुद्र
चूळ भरल्यासारखा आत ओढला जात होता.
रोसामेल वळला. मी त्याची कॉलर धरली.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी सोडली नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाला आम्ही किती वेळ हाका मारल्या,
देव जाणे.
टाकीच्या मागे तो पाठ करून बसला होता,
सगळ्यांच्या आधी पोचलेला,
दोरी अजून अंगठ्याला, मागे पाच हात लोंबती,
ओल्या काटक्यांवर फुंकर घालत.

वहीत दुरुस्ती : नोल्बेर्तोला हाक मारू नये.
हात लावून मोजावं.

पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं
आणि गेलं. या वेळी एवढंच.
उजाडेपर्यंत कुणी खाली उतरलं नाही.
एदुविनाने गरम राखेत रोट्या पुरल्या,
काठीने उकरून काढल्या, झटकल्या,
दाताखाली थोडी राख राहिलीच.
माझ्या हातावर अर्धी ठेवून म्हणाली,
खा, तू हल्ली एका पोत्याचीसुद्धा नाहीस.

नोव्हेंबरात उतारावरच्या गवतात
कुणी न लावलेली बटाट्याची रोपं आली,
वाटेच्या कडेने, वेडीवाकडी, पांढऱ्या फुलांची.
कुणी उपटत नाही.
एदुविना म्हणते, त्यातलं अर्धं पोतं माझं.
उगाच जास्त धरलेलं.