उजवा खांदा

हर्णैच्या बंदरात माल उतरला
की व्यापारी आधी कल्ले उघडून बघतात.
लाल असले तर बोली,
फिकट असले तर नुसती मान हलते.

दापोलीच्या हॉलमध्ये खेळाडूंचा लिलाव होता.
तिथे कल्ले बघत नाहीत,
मोबाइलवर तुमचे सहा चेंडू बघतात.
संघमालक दोन : एकाचा खडीचा क्रशर, एकाचं रिसॉर्ट.
चहाला उठता उठता क्रशरवाल्याने
माझा खांदा दाबून बघितला, कलिंगडासारखा.

"कल्पेश दामोदर पावसे, उजवा मध्यमगती.
बापही बोलर होता याचा."
मागून कुणीतरी : "कोण, बर्फवाला दाम्या?"

हो. बर्फवाला दाम्या.
त्याच्या वेळी लिलाव नव्हता.
भात कापून झालं की मळ्यातले खुंट उपटायचे,
शेणाने सारवून पिच करायचं,
आणि पहिलं बक्षीस बोकड.
त्याने जिंकलेल्या तीन वस्तू घरात आहेत :
एक स्टीलचा डबा, त्यात आई सोडे ठेवते,
एक ढाल, तिच्यावरचा गरुड कधीच गळून पडला,
एक घड्याळ, सात मिनिटं मागे.
"आंजर्ल्याविरुद्धची शेवटची ओव्हर झाली
तेव्हापासूनच मागे आहे," म्हणतो.
बोकड तेव्हाच खाल्ला.

ओहोटीला वाळू घट्ट होते.
तिथे तो तिसरीचा एक शिंपला पालथा ठेवायचा.
"फोड."
मी सातवीत.
पावसाळ्यापर्यंत एकही फुटला नाही.
मग एक फुटला,
मग दिवसाला आठ-दहा,
मग त्याने शिंपले ठेवणंच बंद केलं,
नुसतं बोट दाखवायचा वाळूकडे :
"इथे आहे समज."

मी अजून तिथेच टाकतो.
उरणला, अलिबागला, गुहागरच्या सड्यावर,
हॅलोजनखाली, जनरेटरच्या घरघरीत,
बॅट्समनच्या बुटाशी
न ठेवलेला एक शिंपला.
दिवसाचे अडीच हजार, जेवण, पेट्रोल,
फायनल मारली तर वर एक पाकीट.

समालोचक ओरडतो :
"तीच ॲक्शन! दाम्याच आला परत!"
एकदा ठरवलं, आपला हात वेगळा उचलायचा.
आठवडाभर उचलला.
चेंडू कुठेही जायचा,
हात तेवढा त्याच्याकडे परत जायचा.

यंदा पहिल्या फेरीत कुणी बोट वर केलं नाही.
मला एकोणतीस पूर्ण.
बाहेर येऊन बापाला फोन लावला,
मागे बर्फ फोडायचं मशीन चालू होतं.
"थांब," तो ओरडून म्हणाला,
"ऊन चढलं की उरलेला मालही जातो."

दुसऱ्या फेरीत गेलो. मूळ किमतीला. रिसॉर्टवाल्याकडे.

शेवटची ओव्हर मलाच दिली. नऊ हवे होते त्यांना.
पाच चेंडूंत चार दिले.
सहाव्याला खांद्यात काहीतरी सुटलं,
जुन्या जाळ्याची गाठ सुटते तसं,
न आवाज करता.
चेंडू काजूच्या झाडांपलीकडे गेला.
कुणी आणायलाही गेलं नाही.

रात्री अडीचला घरी पोचलो.
बाप जागा.
कट्ट्यावर बर्फाची अर्धी लादी,
पोत्यात गुंडाळून उभी केलेली.
किती गेले, विचारलं नाही.
"टेक."

मी उजवा खांदा टेकला.
थोड्या वेळाने पलीकडून त्याने टेकला,
त्याचाही उजवाच.
एकोणीस वर्षं तो कानाच्या वर गेलेला नाही,
शर्टाची बाही आई चढवते.

एक लादी, दोन उजवे खांदे :
असं बसायचं तर
तोंडं उलट दिशांना करावी लागतात.
तो समुद्राकडे बघत होता,
मी रस्त्याकडे.
पोत्यातून पाणी निथळून
दोघांच्याही पायांखाली येत होतं.

"परवा कुठे आहे?"
"पालशेत."
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"तिथलं पिच चढणीचं आहे.
एक पाऊल मागून ये."